नावेची हिंवाळ्याची बेगमी

कालवा हा शब्द ऐकिला कीं आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें धरणापासून निघून उंसाच्या मळ्यांस पाणी पाजीत जाणारा पाट उभा राहतो. इंग्लंडांतील कालवा ह्याहून अगदीं निराळा. तो शेतें भिजविण्यासाठीं नव्हे, तर नावा चालविण्यासाठीं खणलेला असतो. त्यांतील पाणी जवळजवळ स्थिर असतें, आणि बहुतेक ठिकाणीं तें मोठ्या माणसाच्या छातीपलीकडे खोल नसतें. 1761 सालीं ब्रिजवॉटरच्या ड्यूकनें जेम्स ब्रिंडले ह्या कुशल कारागिराच्या साहाय्यानें वर्स्ले येथील आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरकडे नेण्याकरितां असा एक कालवा खुला केला. एक घोडा रस्त्यावर जेवढें ओझें ओढी त्याच्या कितीतरी पट ओझें तोच घोडा कालव्याच्या कांठानें चालत पाण्यावरून ओढूं लागला, आणि शहरांत कोळसा स्वस्त झाला. पुढील सत्तर वर्षांत देशभर कालव्यांचें जाळें पसरलें. नंतर आगगाडी आली, तिच्या मागून मोटार आली, आणि कालव्यांवरील मालाची वाहतूक जवळजवळ संपली. कालवे मात्र राहिले. इंग्लंड व वेल्समधील सुमारें 2,000 मैल जलमार्ग 2012 सालापासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ह्या संस्थेच्या ताब्यांत आहेत, आणि त्यांवर तीस हजारांहून अधिक नावा आहेत. त्यांपैकीं पुष्कळ सुटींत फिरण्यापुरत्या. परंतु हजारों नावांत माणसें बाराहि महिने बिऱ्हाड करून राहतात.

ह्या नावांचा आकार मोठा चमत्कारिक. कालवा टेकडी चढतो तो लॉकांच्या योगानें. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दारें असलेला पाण्याचा हौद. नाव आंत घ्यावी, मागचें दार लावावें, वरचें पाणी सोडून ती उचलावी, आणि पुढचें दार उघडून तीस बाहेर काढावें. खर्च व पाणी दोन्ही वांचावीं म्हणून मध्य इंग्लंडांतील लॉकें अवघीं सात फूट रुंद बांधलीं. त्यामुळें नावेची रुंदी 6 फूट 10 इंच, आणि लांबी मात्र 70 फुटांपर्यंत! आमच्या एस. टी.च्या गाडीहून अरुंद आणि जवळजवळ दुप्पट लांब अशी ही नाव पूर्वीं लांकडाची असे. आतां ती पोलादी पत्र्याची करितात. तळाचा पत्रा बहुधा 10 मिलिमीटर जाडीचा, बाजूंचा 6 व छपराचा 4. आंत एकामागून एक बैठक, स्वयंपाकघर, न्हाणीघर, निजण्याची खोली, आणि बहुधा अगदीं मागें इंजिन. संसार सगळा, पण तो लोखंडाच्या पेटींत, आणि पाण्यावर.

डिसेंबरांत त्या देशांत दिवस जेमतेम आठ तासांचा होतो. दुपारचा चहा घेतो न घेतो तोंच अंधार पडतो. लॉकांचीं दारें बदलणें, भिंती सांधणें हीं कामेंहि ती संस्था हिंवाळ्यांतच हातीं घेते, व त्याकरितां कालव्याचे तुकडे उपसून कोरडे करावे लागतात. त्यामुळें मार्ग जागोजाग बंद होतात. ज्या नावेस स्वतःची कायमची जागा नाहीं तिला 1995 सालच्या कायद्याप्रमाणें एके ठिकाणीं 14 दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. परंतु नोव्हेंबरच्या आरंभापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत पैसे भरून ठराविक जागीं नाव बांधून ठेवण्याचा परवाना मिळतो. ह्यालाच हिंवाळी मुक्काम म्हणावयाचें. कित्येक मालक नाव अशी बांधून गांवांतल्या घरीं परततात. ज्यांस दुसरें घर नाहीं ते नावेंतच थंडी काढतात.

आमच्या कोंकणांतील वाचकांस ही गोष्ट परकी वाटणार नाहीं. पावसाळा तोंडावर आला कीं कोळी आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनीं शाकारतात, आणि नारळी पौर्णिमा झाली कीं पुन्हां पाण्यांत लोटतात. पण होडी एकदां वाळूवर आली कीं निम्मी चिंता मिटते. कालव्यावरील नाव पंधरा-वीस टन वजनाची. तीस वर काढण्यास यारी किंवा कोरडी गोदी लागते. दर दोन-तीन वर्षांनीं गंज लागूं नये म्हणून तळास डांबर लावण्याकरितां ती पाण्याबाहेर येते, तेवढेंच. हिंवाळ्याचे चार महिने ती पाण्यांतच राहावयाची. बाहेर पाणी, नळांत पाणी, इंजिनांत पाणी, आंतल्या हवेंत पाणी. ह्यांपैकीं कोणतें केव्हां उलटेल याचा नेम नाहीं.

पाणी हा पदार्थ मोठा हट्टी आहे. बहुतेक पदार्थ थंडीनें आक्रसतात. पाणीहि चार अंश उष्णमानापर्यंत आक्रसतें. परंतु तेथून खालीं तें उलट फुगूं लागतें, आणि गोठतांना तर त्याचें आकारमान सुमारें 9 टक्क्यांनीं वाढतें. शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यांत कांठोकांठ भरलेली कांचेची बाटली विसरून राहिली तर काय होतें, हें पुष्कळ घरांत ठाऊक असेल. तीच गत नळाची. ह्याच गुणामुळें कालव्याचें पाणी वरून गोठतें आणि खालीं मासे जिवंत राहतात, कारण थंड झालेलें हलकें पाणी वर तरंगतें. म्हणजे नावेचा जो भाग पाण्याखालीं बुडालेला असतो त्याला गोठण्याचें भय थोडें. भय आहे तें पाण्याच्या रेषेवरच्या भागास, जेथें उघड्या वाऱ्यांत उभ्या असलेल्या पातळ पत्र्याच्या आड नळ गेलेले असतात.

नावेंत पाण्याची टांकी बहुधा पुढच्या टोकास असते. तिच्यांतून एक लहानसा विजेचा पंप पाणी नळांत ढकलतो. तोटी उघडली कीं नळांतला दाब उतरतो व पंप आपोआप चालूं लागतो, आणि तोटी बंद केली कीं थांबतो. व्यवस्था सोयीची खरी, पण हिंवाळ्यांत हीच घात करिते. समजा, जानेवारींतल्या एखाद्या रात्रीं उष्णमान शून्याखालीं सहा अंशांवर गेलें आणि नळ तडकला. त्या रात्रीं कांहींच दिसत नाहीं, कारण चीर बर्फानेंच बुजलेली असते. चार दिवसांनीं ऊन पडतें, बर्फ वितळतो, चिरेंतून पाणी गळूं लागतें, दाब उतरतो. बिचारा पंप समजतो कीं कोणीं तरी तोटी उघडली आहे, आणि टांकींतलें शेंकडों लिटर पाणी तो नावेच्या तळांत ओतून मोकळा होतो. मालक दूर गांवीं निजलेला असतो. तळावरच्या लांकडी फळ्या फुगतात, भिंतींचें अस्तर भिजतें, आणि वसंतांत दार उघडतांच कुजका वास येतो. थंडीनें मोडलेल्या वस्तूची खबर उष्णता देते, ती अशी.

म्हणून पहिलें काम पंपाची वीज तोडण्याचें. नंतर टांकीचा कॉक बंद करून नळांतील पाणी काढावयाचें. नळ जेथें सर्वांत खालीं जातात तेथें पाणी सोडण्याची चावी असते ती उघडावी, आणि घरांतल्या सर्व तोट्या, गरम व थंड दोन्ही, उघड्या कराव्या, म्हणजे मागून हवा शिरून पाणी मोकळेपणीं उतरतें. न्हाणीघरांतील फवाऱ्याची लवचीक नळी खुंटीवरून काढून खालीं निजवावी. ती टांगलेली राहिली तर तिच्या वळशांत पाणी राहतें, आणि फवाऱ्याची थंड-गरम पाणी मिसळणारी महागडी झडप फुटते. आमच्या समजुतीप्रमाणें सगळ्या नावेंत थंडीस प्रथम बळी पडणारी वस्तु हीच. गरम पाण्याची टांकी पुष्कळांस फसविते. तिचें पाणी वरच्या तोंडानें बाहेर पडत असल्यामुळें तोट्या कितीहि वेळ उघड्या ठेविल्या तरी ती भरलेलीच राहते. तिच्या बुडाशीं निराळी चावी असते, ती शोधून उघडली पाहिजे. सगळें झाल्यावर तोट्या तशाच उघड्या ठेवून जावें. कोपऱ्यांत थोडें पाणी राहिलेंच, तर गोठतांना त्याला पसरावयास वाट मिळते, आणि नळावर जोर येत नाहीं. मोठी टांकी अर्धी रिकामी केली तरी पुरे, कारण तिचा बराच भाग कालव्याच्या पाण्याखालीं असतो.

नावेंत राहणाऱ्यांस अर्थात् नळ रिकामे करून चालत नाहीं. त्यांचा मंत्र उलट: कडाका पडण्यापूर्वीं टांकी तुडुंब भरून घ्यावी. कालव्याच्या कांठीं पिण्याच्या पाण्याच्या ज्या सार्वजनिक तोट्या असतात त्या थंडींत गोठतात, आणि कालवा गोठला तर नाव पुढच्या तोटीपर्यंत नेतांहि येत नाहीं. सभोंवार पाणीच पाणी, आणि चहाला घोटभर नाहीं, असा प्रसंग ह्या लोकांस नवा नाहीं.

आतां इंजिन. इंजिन थंड ठेवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एका तऱ्हेंत कालव्याचेंच पाणी आंत ओढून, इंजिनाभोंवतीं फिरवून, पुन्हां बाहेर टाकितात. अशा इंजिनांतलें पाणी थेंबन्‌थेंब काढून टाकल्याखेरीज गत्यंतर नाहीं, नाहीं तर ओतीव लोखंडाचा ठोकळाच तडकतो, आणि मग इंजिन भंगारांत जातें. दुसरी तऱ्हा आतां अधिक रूढ आहे. नावेच्या बाजूच्या पत्र्यास आंतून एक चपटी पेटी जोडलेली असते. इंजिनाचें पाणी त्या पेटींतून फिरत राहतें व पत्र्यापलीकडील कालवा त्याची उष्णता शोषून घेतो. हें पाणी बाहेर जात नसल्यामुळें त्यांत गोठण न होऊं देणारें द्रव्य, बहुधा एथिलीन ग्लायकॉल, मिसळितां येतें. निम्मे पाणी व निम्मे हें द्रव्य असलें तर उणे तीस अंशांपर्यंत चिंता नाहीं. ह्या द्रव्यांतील गंजरोधक अंश कांहीं वर्षांत संपतो, म्हणून तें बदलावें लागतें. येथें बालवाचकांस एक इशारा देतों: ग्लायकॉल चवीला गोड पण जहाल विष आहे, सांडलेलें चाटून कुत्रीं-मांजरें मरतात. तें पिण्याच्या पाण्याच्या नळांत कधींहि घालावयाचें नाहीं.

इंजिनाचें तेल हिंवाळ्याच्या आरंभींच बदलावें, शेवटीं नव्हे. वापरलेल्या तेलांत ज्वलनापासून झालेलीं आम्लें उतरलेलीं असतात, आणि चार महिने स्वस्थ बसलेल्या इंजिनाचे धारवे तीं आंतल्या आंत खात बसतात. डीझेलच्या टांकीचीहि गंमत आहे. काटकसरी मनुष्य म्हणेल, नाव हलणारच नाहीं तर टांकी भरून पैसे कशास अडकवा? परंतु अर्ध्या टांकींत वर हवा असते. रात्रीं पत्रा थंड झाला कीं त्या हवेंतील ओलावा दंवासारखा आंतून धरतो, थेंब होऊन खालीं उतरतो, आणि तेलाहून जड असल्यामुळें बुडाशीं सांठतो. पाणी व तेल ह्यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतु वाढतात, त्यांचा काळा बुळबुळीत गाळ होतो, आणि वसंतांतल्या पहिल्याच फेरींत तो गाळण्या बुजवून इंजिन बंद पाडतो. टांकी भरलेली असली म्हणजे हवेस जागाच राहत नाहीं.

बॅटरीविषयीं एक रसायनशास्त्राची गोष्ट सांगण्याजोगी आहे. शिशाच्या पट्ट्या व गंधकाम्ल ह्यांची जी जुनी बॅटरी, ती भरलेली असते तेव्हां आम्ल तीव्र असतें, आणि तें इंग्लंडच्या कोणत्याहि थंडींत गोठत नाहीं. वीज खर्च होत जाते तसतसें आम्लांतील गंधकाचा अंश पट्ट्यांत शिरतो व उरलेलें द्रव पाण्याच्या जवळ जवळ येतें. मग तें शून्याखालीं थोड्याच अंशांवर गोठून डबा फोडतें. म्हणजे भरलेली बॅटरी स्वतःचें रक्षण करिते, रिकामी बॅटरी मरते. म्हणून निघण्यापूर्वीं ती पूर्ण भरून अनावश्यक तारा सोडवाव्या. छपरावर सूर्यशक्तीचे तक्ते असले तर उत्तम, पण डिसेंबरच्या सूर्यावर फार विसंबूं नये. तो तेथें क्षितिजाजवळूनच चालतो, आणि बहुधा ढगांआडून.

बॅटरीवर एवढा भर देण्याचें खरें कारण आतां येतें. नावेच्या मागच्या टोकास पंख्याचा दांडा पत्र्यांतून बाहेर पाण्यांत जातो. दांडा फिरावयाचा म्हणून तेथें भोंक पक्कें बंद करितां येत नाहीं. वंगण चोपडलेल्या वेणीसारख्या दोरीचे वेढे दाबून बसवितात, आणि एक लहान पितळी चाक फिरवून अधूनमधून आंत ग्रीस ढकलतात. तरी थेंब गळतोच. दोन सेकंदांस एक थेंब म्हटला तर कोणी त्याकडे पाहणारहि नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा: दिवसास 43,200 थेंब; वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दोन लिटरांहून थोडें अधिक; आणि हिंवाळी मुक्कामाच्या 120 दिवसांत सुमारें 260 लिटर. हें पाणी मागच्या टोकाशींच सांठतें, तें टोक हळूहळू खालीं बसतें, आणि मोरीचें किंवा न्हाणीचें जें भोंक पाण्याच्या रेषेच्या थोडेंच वर ठेविलेलें असतें तें एके दिवशीं रेषेखालीं जातें. त्यानंतर थेंबांचा हिशेब संपतो. नावेच्या तळांत पाणी सांठलें कीं तें उपसून टाकणारा एक आपोआप चालणारा पंप असतो, आणि तो ह्या बॅटरीवरच चालतो. बॅटरी उतरली कीं पंप थांबला. पंप थांबला कीं थेंब जिंकला. निघण्यापूर्वीं तें पितळी चाक गळती थांबेपर्यंत फिरवावें, तळ पुसून कोरडा करावा, आणि पंपाचा तरंगता गोळा हातानें उचलून पंप खरोखर चालतो कीं नाहीं हें पाहावें.

त्याच जागीं आणखी एक चोर आहे. पंख्यांत गुंतलेलें गवत, चिंध्या, दोऱ्या हातानें काढतां याव्या म्हणून त्याच्यावर एक झांकण असतें. शेवटच्या फेरीनंतर तें कोणी नीट आवळलें नाहीं, तर आंतील दार पाण्यास उघडें टाकल्यासारखेंच. पुढच्या टोकाच्या उघड्या अंगणांतलें पावसाचें पाणी जाण्यास बाजूंस लहान भोंकें असतात. शरद् ऋतूंतली गळलेलीं पानें त्यांत अडकतात, अंगण तुंबतें आणि पाणी दाराच्या फटींतून आंत येतें. मूठभर पानांनीं पंधरा टनांची नाव बुडावी हें ऐकण्यास विनोदी, पण मालकास नव्हे. ह्यास्तव दूर राहणाऱ्यानें दोन-तीन आठवड्यांनीं एक फेरी मारावी, किंवा शेजारच्या नावकऱ्यास सांगून ठेवावें. कालव्यावरचा शेजारधर्म अद्यापि बराच जागता आहे.

दोर बांधण्याची विद्या वेगळीच. पुढून एक व मागून एक असे दोन दोर, दोन्ही तिरपे, जमिनींत ठोकलेल्या खुंटांस किंवा लोखंडी कड्यांस बांधावे. छपराच्या मध्यावरचा दोर केवळ क्षणभर थांबण्यापुरता. त्यानें नाव बांधून गेल्यास येणाऱ्या-जाणाऱ्या नावेच्या लाटेबरोबर ती एका अंगास कलते. दोर फार ढिला ठेवूं नये, पण सतारीच्या तारेसारखा ताणूंहि नये, कारण एखाद्या लॉकाचें दार गळून कालव्याचें पाणी उतरलें तर ताणलेल्या दोरावर नाव लटकते. नद्यांवर पूर येतात, तेथें ही भीति दसपट. जाणते लोक ऑक्टोबर संपण्यापूर्वींच नदी सोडून कालव्यांत शिरतात. खुंटांस पांढरें फडकें बांधण्याची चाल आम्हांस फार आवडते: अंधारांत कांठावरून चालणारा त्यांस अडखळून पडूं नये, एवढाच तिचा हेतु.

गादी उभी करून ठेवणें, कपाटांचीं व शीतकपाटाचें दार उघडें ठेवणें, धान्य घरीं नेणें, हीं कामें गृहिणींस सांगावयास नकोत. दमटपणाबद्दल मात्र बोललें पाहिजे, कारण त्यांत प्राणाचा संबंध येतो. लोखंडी पेटींत दोन माणसें निजलीं, चहाचें आधण उकळलें, कपडे वाळत घातले, कीं सगळी वाफ थंड पत्र्यावर धरते व भिंती पाझरूं लागतात. हवा खेळती राहावी म्हणून छपरावर छत्रीच्या आकाराचीं पितळी झरोकें असतात. थंडी झोंबूं लागली कीं अजाण मनुष्य त्यांत चिंध्या कोंबतो. नावेंत कोळशाची किंवा लांकडाची शेगडी रात्रभर मंद जळत असते. तिला हवा कमी पडली कीं कार्बन मोनॉक्साइड हा वायु तयार होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि आपल्या रक्तास तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें चिकटतो. निजलेला मनुष्य जागा होत नाहीं. अशा रीतीनें अख्खीं कुटुंबें गेल्याचे दाखले आहेत. म्हणून हिंवाळ्यापूर्वीं शेगडीचें धुरांडें झाडून काजळी काढावी, धुरांड्यास कोठें चीर आहे काय हें पाहावें, शेगडीच्या दाराभोंवतींची न जळणारी दोरी झिजली असल्यास बदलावी, आणि झरोक्यांस हात लावूं नये. ह्या वायूची सूचना देणारें यंत्र नावेंत बसविणें 1 एप्रिल 2019 पासून नियमानें बहुतेक नावांस सक्तीचें झालें आहे. नाव सोडून जाणाऱ्यानें धुरांड्याची नळी काढून भोंकावर झांकण घालावें, एरवीं पाऊस शेगडींत उतरतो.

स्वयंपाकाच्या गॅसचीहि निवड लागते. ब्यूटेन वायु शून्य अंशाच्या सुमारास द्रवच राहतो, मग शेगडी पेटत नाहीं. प्रोपेन उणे बेचाळीस अंशांपर्यंत वायुरूप होत राहतो. आमच्या घरगुती टांकींत ह्या दोहोंचें मिश्रण असतें आणि आम्हांस कधीं विचार करावा लागत नाहीं. असो.

कालवा गोठल्यावर नाव चिरडली जाईल अशी शंका येईल. तितका जाड बर्फ तेथें सहसा होत नाहीं. नाव हलविण्याचा मोह मात्र आवरावा. फुटलेल्या बर्फाच्या धारा पाण्याच्या रेषेवरचें डांबर खरवडून काढतात, आणि शेजारीं लांकडाची किंवा काचतंतूची नाव असली तर ढकलल्या गेलेल्या तुकड्यांनीं तिचें अंग चिरतें. पूर्वीं ह्या मोहास पोटाचें कारण होतें. माल वाहणाऱ्या नावेच्या मागच्या टोकास सुमारें दहा फूट लांबीची कोठडी असे, तींत नवरा, बायको आणि मुलें राहत. मजुरी खेपेवर, नाव थांबली कीं चूल थांबली. म्हणून कालव्याच्या कंपन्या बर्फ फोडणाऱ्या खास नावा ठेवीत. आंखूड, लोखंडानें मढविलेली ती नाव; मधोमध उभा कठडा; तो धरून दोहों बाजूंस माणसें उभीं राहून तीस डावी-उजवी डोलवीत, आणि कांठावरून घोड्यांची रांगच्या रांग तीस बर्फावर ओढी. मुलांचें शिक्षण म्हणजे नाव जेथें माल भरण्यास थांबे तेथें मिळे तेवढा दिवस. कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ ह्यांनीं ह्या मुलांची हकीकत देशापुढें मांडली, आणि 1877 सालीं कायदा होऊन कोठडींत किती माणसांनीं राहावें व मुलांच्या शाळेची काय व्यवस्था व्हावी हें प्रथमच ठरलें.

1962 च्या नाताळापासून 1963 च्या मार्चच्या आरंभापर्यंत जो कडाका पडला त्यापुढें त्या नावाहि हरल्या. आठवड्यांमागून आठवडे भरलेल्या नावा जागच्या जागीं अडकल्या, कोळसा रस्त्यानें व रेल्वेनें जाऊं लागला, आणि गेलेलें गिऱ्हाईक परत आलें नाहीं. सरकारी मंडळानें त्याच वर्षीं आपल्या अरुंद नावांची मालवाहतूक बहुतांशीं आवरली. कित्येक कुटुंबांनीं पिढ्यान्‌पिढ्यांचें पाण्यावरचें घर त्या वर्षीं सोडलें.

मार्च येतो, दिवस वाढतो, विलो झाडांस पालवी फुटते. आतां नाव जागी करावयाची. प्रथम सर्व चाव्या व तोट्या बंद कराव्या, टांकी धुवून ताज्या पाण्यानें भरावी, आणि मग पंप चालू करून स्वस्थ उभें राहून ऐकावें. तोट्या बंद असतां पंप थोड्या वेळानें थांबला तर नळ शाबूत आहेत. थांबून पुन्हां पुन्हां आपणच चालूं लागला, तर कोठें तरी गळती आहे. कोरड्या कागदाचा तुकडा घेऊन प्रत्येक सांध्यास लावीत जावें, कागद ओला होईल तो सांधा. नंतर तेल, पट्टे व थंड ठेवणारें पाणी पाहून इंजिन चालू करावें, आणि तें गरम होईपर्यंत दोर सोडूं नये.